मोऱ्याच्या लाकडावरची बुरशी

कॉलेजातून निवृत्त होताना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळतं. मला त्यासोबत एक कागदही मिळाला, संगणकावरून काढलेला. वर माझं नाव, खाली माझे सत्तावीस शोधनिबंध आणि प्रत्येकापुढे एक आकडा. प्राचार्यांनी तो सभागृहात वाचून दाखवला. पनवेलसारख्या गावात राहून सरांचं काम जगभर दोनशेच्या वर वेळा उद्धृत झालं, असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत शाल सावरत बसलो होतो. त्या दोनशेंपैकी दीडशेच्या वर उल्लेख एकाच निबंधाचे आहेत आणि तो निबंध चुकीचा आहे, हे मला तिथे बसल्या बसल्या ठाऊक होतं. आणखी एका माणसाला ठाऊक होतं, पण त्याला समारंभाचं बोलावणं गेलं नव्हतं.

मी बुरशीचा मास्तर. वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण जीव रमला तो बुरशीत. लोकांना बुरशी दोनच ठिकाणी भेटते, पावावर आणि लोणच्यात, त्यामुळे गावात माझी ओळख 'बुरशीवाले सर' अशी. कुणाच्या भिंतीला ओल आली की मला बोलावणं. एका बाईंनी मुरंब्याची बरणी थेट स्टाफरूममध्ये आणली होती आणि वरचा थर काढून खालचा खाल्ला तर चालेल का, हे लिहून मागितलं होतं. मी लिहून दिलं नाही. बाई रागावल्या आणि मुरंबा बहुधा खाल्ला.

एकदा कळंबोलीचा एक ट्रान्सपोर्टवाला चामड्याच्या चपलांचं खोकं घेऊन आला. माल भिजून बुरशी आलेली. व्यापारी म्हणत होता, ट्रकात आली. हा म्हणत होता, गोदामातच होती. "सर, बुरशीचं वय सांगा फक्त," तो म्हणाला. मी भिंग लावलं, काडीने थोडी उचलली, आणि सांगितलं की ही चार-पाच दिवसांची आहे, याहून जुनी नाही. त्याचा ट्रक सहा दिवस वाटेत होता. तो हिरमुसला, पण जाताना माझ्या पाया पडला. बुरशी किती दिवसांत किती वाढते हे मला इतकं पाठ आहे, असं मी तेव्हा वर्गात फुशारकीने सांगितलं होतं. हा किस्सा मुद्दाम इथे सांगतोय, पुढे त्याचं काम आहे.

माझं खरं काम खाडीतल्या लाकडांवर. मचव्याच्या फळ्या, जेटीचे जुने खांब, खारफुटीची मेलेली खोडं, अशी लाकडं वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात कुजत असतात. त्यांना कुजवणारी बुरशी वेगळीच असते. डोळ्याला दिसतात ते फक्त खसखशीएवढे काळे ठिपके. एक ठिपका फोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की आतून बीजाणू सांडतात, आणि त्यांना बारीक धागे असतात, लाटेत वाहताना लाकडाला धरून राहायला. पहिल्यांदा ते धागे उलगडताना पाहिले तेव्हा मी जेवायला विसरलो होतो. या बुरशीचा स्वभाव संथ. काचेच्या बशीत जेलीवर तिला वाढवायला ठेवलं तर रुपयाएवढी व्हायला महिना घेते.

लाकडं आणायचा तो हिराजी. हिराजी कोळी, आमच्या प्रयोगशाळेचा परिचर, मूळचा मोरा या खाडीकाठच्या कोळीवाड्याचा. बापाचा मचवा होता, पण धाकट्या मुलाने नोकरी करावी म्हणून त्याला पनवेलला धाडलं. मॅट्रिकपर्यंत शिकलेला. आम्ही दोघं एकाच वर्षी कॉलेजात लागलो. तो मला सर म्हणायचा, मी त्याला अरेतुरे करायचो, आणि त्यात काही वावगं आहे असं तीस वर्षांत मला वाटलं नाही.

त्याला मी एकच गोष्ट दरडावून शिकवली. लाकूड कुठून घेतलं, भरतीला की ओहोटीला, आणि कोणत्या तारखेला, हे चिठ्ठीवर लिहून दोऱ्याने लाकडाला बांधायचं. सुरुवातीला तो एक सुंदर तुकडा घेऊन आला, ठिपक्यांनी भरलेला, पण चिठ्ठी नव्हती. मी तो त्याच्यासमोर खिडकीतून बाहेर फेकला. म्हटलं, "तारीख नाही ते लाकूड म्हणजे सरपण. चुलीत घाल."  त्यानंतर एकही तुकडा हिराजीकडून चिठ्ठीशिवाय आला नाही.

दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. मोऱ्याच्या जेटीजवळच्या एका मोडक्या खांबावरून त्याने एक ढलपी आणली. त्यावरची बुरशी कुठल्याच पुस्तकात नव्हती. वर्षभर तपासली, चित्रं काढली, परदेशी पाठवून खात्री केली. नवीन जात निघाली. नव्या जातीला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा असतो, पण स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा आमच्यात दंडक आहे. गावाचं द्यावं, गुणाचं द्यावं किंवा ज्याचे उपकार आहेत त्याचं द्यावं. मी माझ्या मार्गदर्शकांचं दिलं. त्यांना सगळे 'मोठे सर' म्हणत. विद्यापीठात त्यांच्या शब्दावर नेमणुका होत. मोठ्या सरांनी मोरा कधी पाहिला नव्हता. हिराजीचे आभार मानले होते का? मानले होते. निबंधाच्या शेवटी 'प्रयोगशाळेतील कर्मचारी' असं लिहिलं होतं.

तो निबंध माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. त्या कागदावर त्याच्यापुढे सात हा आकडा आहे. याचं कारण बाहेरच्यांना सांगायला हवं. नव्या बुरशीचं नाव जगात कुणीही लिहिलं की तिच्या नावामागे माझं नाव येतं, पण ते मोजलं जात नाही. निबंधाच्या शेवटी जी यादी असते, तिच्यात आलात तरच मोजणी. माझं नाव कुठे कुठे त्या बुरशीच्या शेपटीला लटकलेलं मी स्वतः पाहिलं आहे. सगळी फुकटची हमाली.

आणि मग गुणांचे तक्ते आले. दोन हजार दहाच्या सुमाराला बढतीसाठी फॉर्म भरायचा फतवा निघाला, निबंधाला इतके गुण, परिषदेला इतके, आणि वर 'तुमच्या कामाचे उल्लेख किती' असा एक रकाना. एच-इंडेक्स नावाचा आकडा ज्याला त्याला विचारला जाऊ लागला. तो सोपा असतो. तुमच्या पाच निबंधांना प्रत्येकी पाच तरी उल्लेख असतील तर तुमचा आकडा पाच. माझा दोन होता. माझ्याहून बारा वर्षांनी धाकटा रसायनशास्त्राचा माणूस कँटीनमध्ये मला म्हणाला, "सर, लाकडं कोण वाचतं? तळोज्याचं काहीतरी करा." त्याचं काही चुकलं नव्हतं. तळोज्याच्या कारखान्यांतून रंगीत पाणी येतं अशी ओरड होतीच. रंग खाणारी बुरशी असा निबंध लिहिला तर त्यावर जगभर उड्या पडतात, हे मलाही कळत होतं.

मी मोऱ्याच्या बुरशीला लाल रंगाच्या पाण्यात घातलं. पहिलं वर्ष काहीच झालं नाही. ती आपली संथ, रंग जसाच्या तसा. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात एका बाटलीतलं पाणी आठवड्यात फिकं झालं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. हलत्या बाटलीत कुठलीही बुरशी भिजल्या कापसाच्या गोळ्यांसारखीच दिसते. मी गोळे पाहिले, फिकं पाणी पाहिलं, आणि मोठ्या सरांना फोन केला.

हिराजी दोन दिवसांनी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हातात जेलीची एक काचेची बशी, पेट्री डिश.

"सर, कपाटात किडं झालंत."

"कसले किडे?"

"बारीक. पांढरं. जेलीवर बगा, पावलांची रांग हाय. चिखलावर चिंबोरी चालते तशी."

हे बुरशीवाल्यांचं जुनं दुखणं. डोळ्याला जेमतेम दिसणारे माइट नावाचे किडे पावसाळ्यात कापसाच्या बोळ्यातून आत शिरतात आणि या नळीतून त्या नळीत हिंडतात. त्यांच्या पायांना बीजाणू चिकटतात. एका रात्रीत सगळं कपाट बाटतं. मी भिंगातून पाहिलं. रांग होती.

"रॉकेलने पुसून घे," मी म्हटलं.

"ता मी पुसलंय. पन सर, बाटलीतली ही बुरशी ती नाय."

"कशावरून?"

"ती महिन्याला रुपयाएवढी व्हते. ही चार दिवसांत बाटली भरतेय. आनि तिला सुक्या म्हावऱ्याचा वास येतो. हिला पावाचा."

मला राग आला. राग येण्याचं खरं कारण मला तेव्हाही कळलं होतं, म्हणूनच तो जास्त आला. मी त्याला सांगितलं की रंग खाऊन तिच्या अंगी लागलं आहे, यालाच जुळवून घेणं म्हणतात, आणि नाकाने शास्त्र होत नसतं. "तू लाकडं आण," असंही म्हटलं. हिराजीने डिश टेबलावर ठेवली. "तुमी सायेब," म्हणाला आणि गेला.

चपलांच्या बुरशीचं वय मी परक्या माणसाला एका नजरेत सांगितलं होतं. स्वतःच्या बाटलीतलं मात्र मला दिसलं नाही. नवी लागवड करून खात्री करायला दीड महिना लागला असता, आणि फॉर्म भरायची मुदत त्याच्या आत संपत होती. मी निबंध पाठवला. त्यात 'या बुरशीची आश्चर्यकारक वेगवान वाढ' असं एक वाक्य आहे. त्या वाक्याचं खूप कौतुक झालं.

निबंध छापून आला आणि आकडे चढू लागले. चीन, इराण, ब्राझील, तामिळनाडू. रंगावर काम करणारा जो तो यादीत माझं नाव घाली. त्यातल्या किती जणांनी तो वाचला असेल कोण जाणे. एकाने मला मोऱ्याऐवजी मोरोक्कोचा करून टाकलं होतं. कॉलेजने फलक लावला. हिराजीने तो खुर्चीवर चढून टांगला, सरळ आहे का हे खाली उतरून पाहिलं, आणि परत चढून डावी बाजू थोडी वर केली. त्या विषयावर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. लाकडं आणत राहिला, चिठ्ठ्यांसकट.

तीन-चार वर्षांनी वैशाली नावाच्या मुलीचा ईमेल आला. विदर्भातल्या एका कॉलेजात पीएचडी करत होती. तिने माझ्या मोऱ्याच्या बुरशीचा अस्सल नमुना मिळवला होता, मी पूर्वी परदेशी संग्रहात ठेवलेला. दोन वर्षं ती त्याला रंगाच्या पाण्यात घालत होती आणि रंग जात नव्हता. तिचे मार्गदर्शक म्हणत होते की हिच्या हाताला वळण नाही. 'सर, माझं कुठे चुकतं ते सांगाल का? तुमच्या बाटलीतली बुरशी पाठवाल का?' असं तिने विचारलं होतं. शेवटी लिहिलं होतं की घरचे आता फार थांबणार नाहीत.

मी जपून ठेवलेली त्या बाटलीतली बुरशी डीएनए तपासणीला पाठवली. नाही म्हटलं तरी मनात आशा होती. पंधरा दिवसांत उत्तर आलं. मातीत कुठेही सापडते तसली, घरोघरची बुरशी. मोऱ्याच्या खांबाशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं म्हणतात. पण थोडा वेळ झाकून ठेवता येतं, आणि मला थोडाच वेळ हवा होता. प्राध्यापकपदाची मुलाखत दोन महिन्यांवर होती. निबंध मागे घेतला असता तर माझ्याकडे उरत होती ती सात उल्लेखांची लाकडं. मी वैशालीला चार ओळी लिहिल्या. प्रयोगशाळेत किड्यांचा प्रादुर्भाव झाल्याने ती बुरशी नष्ट झाली, क्षमस्व, प्रयत्न चालू ठेवा. प्रयत्न चालू ठेवा, हे मी लिहिलं. तिचं उत्तर आलं, 'ठीक आहे सर, धन्यवाद.' तो ईमेल माझ्याकडे अजून आहे.

मुलाखतीला समितीत मोठे सर होते. त्यांनी माझा फॉर्म वर धरला आणि म्हणाले, "हा बघा खाडीचा माणूस. लोक परदेशात जाऊन करत नाहीत ते याने पनवेलला करून दाखवलं." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला. पद मिळालं. पेढे हिराजीनेच आणून वाटले, आणि मला देताना म्हणाला, "सर, ता सांगितलंत का त्यांना?"

"सांगणार आहे," मी म्हटलं.

त्याने पेढा माझ्या हातावर ठेवला. पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला.

मी सांगितलं, पण माझी शाल आणि घड्याळ घरी आल्यावर. पेन्शन सुरू झाल्यावर माणसाला धैर्य येतं, हे माझ्या पिढीचं वैशिष्ट्य. मासिकाच्या संपादकांना दुरुस्ती पाठवली. एका पानाची. बुरशी भलतीच होती, नमुना बाटला होता, निष्कर्ष मागे घेत आहे, आणि 'ही बाब प्रथम निदर्शनास आणून दिल्याबद्दल श्री. हिराजी कोळी यांचे मनःपूर्वक आभार.' वर्षभराने ती छापून आली. वैशालीलाही पाठवली. तो ईमेल परत आला, पत्ता बंद होता. तिचं पुढे काय झालं, ती कुठे आहे, मला माहीत नाही. शोधायला हवं होतं. मी दोन संध्याकाळी शोधलं आणि थांबलो. चुकीच्या निबंधाचे उल्लेख अजून दर महिन्याला एक-दोनाने वाढतात. दुरुस्तीचा आकडा शून्य आहे.

दुरुस्तीचं ते पान घेऊन मी मोऱ्याला गेलो. इतक्या वर्षांत हिराजीच्या घरी मी पहिल्यांदा जात होतो. अंगणात सुकट वाळत घातलेली. त्याची सून खुर्ची घेऊन आली, तो स्वतः पायरीवर बसला. केस पूर्ण पांढरे, डोळ्याला चष्मा नाही. मी म्हटलं, "हिराजीभाऊ, तुमचं नाव छापून आलंय." त्याला अहो-जाहो करताना माझी जीभ अडखळली, आणि ते त्याच्या लक्षात आलं.

त्याने पान हातात घेतलं, स्वतःचं नाव बोटाने शोधलं. इंग्रजीत होतं, पण नाव त्याला ओळखू आलं.

"किती जनांनी वाचलं?"

"अजून कुणी नाही."

"मंग तुमीच वाचा. मराठीत."

मी वाचलं. एकेक वाक्य मराठीत करून. इंग्रजीत जे गुळगुळीत वाटत होतं ते मराठीत घशात अडकत होतं. 'असे आढळून आले', 'अशी शक्यता नाकारता येत नाही'. सून दारात उभी राहून ऐकत होती. शेवटचं आभाराचं वाक्य वाचलं आणि पानाची घडी घातली. मला वाटलं, त्याला बरं वाटेल. खोटं कशाला सांगू, मला स्वतःलाच बरं वाटायचं होतं, त्यासाठी मी तिथवर गेलो होतो.

 सुकटीवर कावळा येत होता, हिराजीने त्याला हाकललं.

"मी कवा सांगितलं, ता लिवलंय का?"

मी पान पुन्हा उघडून पाहिलं.

"छापायच्या आदी सांगितलं का छापल्यावर, ता हाय का त्यात?"

"नाही."

"तारीख नाय?"

"नाही."

"मंग सर," तो म्हणाला, अगदी शांतपणे, "तुमीच शिकवलंत ना. तारीख नाय ता सरपन."

सुनेने चहा आणला. आम्ही तो प्यायलो. त्याने मला जेटीपर्यंत सोडलं आणि तो मोडका खांब कुठे होता ती जागा दाखवली. आता तिथे काँक्रीट आहे. दुरुस्तीचं पान मी त्याला द्यायला विसरलो, किंवा त्याने घेतलं नाही. ते माझ्याच खिशात परत आलं.

संपादकांना दुरुस्तीची दुरुस्ती पाठवावी असं मनात होतं. पण ते असल्या गोष्टी छापत नाहीत, आणि छापलं तरी शून्याच्या पुढे दुसरं शून्य येईल. दिवाळी अंकात लिहिलेलं कुठल्याच यादीत मोजलं जात नाही, म्हणून इथे लिहितो. हिराजी कोळी यांनी मला ही बुरशी ती नव्हे असं सांगितलं तो श्रावणातला सोमवार होता, तारीख तीस जुलै दोन हजार बारा. प्रयोगशाळेच्या वहीत त्यांच्या हातची नोंद आहे: कपाट पुसले, किडे, सरांना सांगितले. निबंध मी त्यानंतर नवव्या दिवशी पाठवला.